'कुठं' न विचारता

आमच्या घरातून 'कुठं' हा शब्द गेला, तो माझा भाऊ गेल्यावर.

निघणाऱ्या माणसाला 'कुठं चाललास' असं विचारू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चुकून विचारलंच, तर निघालेल्यानं दोन मिनिटं बसावं, घोटभर पाणी प्यावं आणि मग 'येतो' म्हणून निघावं. त्या पहाटे बाबांच्या होडीचं इंजिन दुरुस्तीला टाकलेलं होतं, म्हणून भाऊ दुसऱ्याच्या होडीवर चालला होता. आई चुलीपाशी. तिच्या तोंडून निघून गेलं, "कुठं निघालास रे एवढ्या घाईनं?" तो हसला. म्हणाला, "विचारलंस ना शेवटी! आता आल्यावर बसतो." आणि गेला. ती होडी परत आली, तो आला नाही. जाळं ओढताना पाण्यात पडला, बरोबरचे म्हणाले. पुष्कळ शोधला, पण काही हाती लागलं नाही.

तेव्हापासून आई तो शब्द उच्चारेनाशी झाली. "माझा चष्मा कुठाय" ऐवजी "माझा चष्मा सापडेना". मी झरीच्या शाळेत शिकवते, तिकडेच राहते. मला फोनवर "कुठं पोचलीस" न विचारता ती "तलासरी गेली का?" असं विचारायची. मला आधी राग यायचा. अगं, शब्दानं कोणी मरतं का? पण हे तिला सांगायचं कुणी? मी तर नाहीच सांगितलं. खरं म्हणजे मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. डबा भरायचा, शाळेत जायचं, फळ्यावर लिहायचं, घरी यायचं. लोक म्हणायचे, पोरगी खमकी आहे. डोंबलाची खमकी! आत सगळं बधिर होतं.

देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस करतात. घरचे सगळे आईला तेच सांगून दमले. बाबा म्हणाले, दिवस झाल्याशिवाय मी जाळ्याला हात लावणार नाही. आई म्हणाली, पुतळा करू देणार नाही. होडी खाडीत बांधलेली राहिली आणि घर तिथल्या तिथं थांबलं.

मग एके दिवशी जेवताना आईच म्हणाली, "आधी मला सगळं दाखवा. बेटं, खडक, किल्ले. पोहता येणारा माणूस जिथं जिथं टेकू शकतो, ते सगळं. मी माझ्या डोळ्यांनी बघेन. मग काय ते करा."

आई जन्मभर आमच्या धाकटी डहाणू गावात राहिली, मासळी विकली, पण होडीतून अशी कधी गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांनी डिझेल भरलं. मी रजा टाकली.

सकाळी भरतीबरोबर खाडीतून निघालो. मागं डहाणूचा किल्ला, त्याच्यावर झाडं उगवलेली. पुढं दीपगृह. आईनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी घेतली होती, इतकी की चार माणसांना पुरावी. मी मोजलं नाही, पण मला कळलं.

बाबा होडी मुद्दाम सावकाश हाकत होते. सरळ गेलं असतं तर दुपारी शेवटच्या अर्नाळ्याला पोचलो असतो. पण ते प्रत्येक खडकाला वळसा घालायचे. वरोर गावासमोरच्या खडकांना, मग पुढच्या. आणि तोंड सुरू. हे फिरंग्यांनी बांधलं, हे मराठ्यांनी घेतलं, इथं पूर्वी तोफा होत्या. मी वैतागून म्हटलं, "बाबा, आपण काय सहलीला निघालोय?" ते गप्प झाले. आई म्हणाली, "बोलू दे गं त्यांना." मग पुन्हा बोलायला लागले. तारापूरला वीजकेंद्रासमोर जवळ जाऊ देत नाहीत, म्हणून लांबूनच जावं लागलं. आईनं हात कपाळावर धरून सगळा किनारा बघितला. "इथं किनाऱ्याजवळ कुणी आलं असतं तर पहारेकऱ्यांनी पाहिलंच असतं," बाबा म्हणाले. "पाहिलं असतं," ती म्हणाली.

शिरगावला उतरलो. किल्ल्यात शहरातून आलेली पोरं फांद्या फुटलेल्या ताडापाशी फोटो काढत होती. त्यातला एक पाठमोरा, निळ्या टीशर्टमधला, खांदे अगदी तसेच. आई चालायची थांबली. मीही थांबले. तो वळला. दाढीवाला कोणी भलताच. त्याला वाटलं आम्हाला फोटो काढून हवाय. "काढू का काकू?" म्हणाला. आई म्हणाली, "काढ." आमच्या तिघांचा तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्यात कुणीच हसत नाही, आणि बाबांच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे. आम्ही नकळत तसेच उभे राहिलो होतो.

रात्री थोडं मागं सातपाटीला मावशीकडे टेकलो आणि सकाळी पुन्हा दक्षिणेला निघालो. केळव्याचा पाणकोट, समुद्रातला लहानसा किल्ला, भरतीत बुडालेला, नुसत्या भिंती वर. बाबांनी त्याला पूर्ण फेरी मारली. आई भिंतीतल्या प्रत्येक भगदाडात बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. ऊन कडक होतं, पण तेही मला फार जाणवत नव्हतं.

शेवटी अर्नाळा. बेटावर वस्ती आहे, किल्ला आहे, किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. एका बाईनं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. "कुठून आलात?" तिनं सहज विचारलं. आई दचकली. मग म्हणाली, "डहाणूहून. माझ्या मुलाला शोधायला आलो होतो." बाईनं आमच्याकडे बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. कोळ्याच्या घरची बाई होती.

तटावर चढून आई पश्चिमेकडे बघत उभी राहिली. बराच वेळ.

"ह्याच्या पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं काही नाही," बाबा म्हणाले. "पाणीच."

"बेट?"

"नाही गं."

"एखादा खडक?"

बाबांनी नाही अशी मान हलवली. आईनं पदर खोचला. "बरं," ती म्हणाली. "करा मग पुतळा."

येताना बाबा एकदाही कुठल्या किल्ल्याबद्दल बोलले नाहीत. डहाणूचं दीपगृह दिसलं तेव्हा आईनं उरलेल्या भाकऱ्या काढल्या आणि एकेक करून पाण्यात सोडल्या. मी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दर्भ आणायला बाजारात निघाले. पिशवी घेतली, चपला घातल्या, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. आई आत तांदूळ निवडत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "कुठं निघालीस गं?"

बाबा ओटीवर होडीचा दोर उलगडत होते, त्यांचा हात थांबला. आईच्या तोंडावर पदर गेला.

मी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. आत येऊन उंबऱ्यापाशी बसले. मी शिकलेली बाई, असलं काही न मानणारी, मांडी घालून बसले. आई उठली, माठातलं पाणी घेऊन आली. देताना थोडं माझ्या पदरावर सांडलं. मी प्यायला लागले आणि इतके महिने अडकलेलं रडू त्या पाण्याबरोबर आलं. ठसका लागला. आईनं पाठीवरून हात फिरवला.

"सगळं पी," ती म्हणाली. "घाई नको करू."

मी सगळं प्यायले, आणि मग "येते" म्हणून निघाले.