उशिरा पोचलेली सिनाई

प्रवाळावर पाय चिरला तेव्हा आपावोने त्याकडे लक्ष दिलं नाही. नुकुटेले बेटावर जन्म काढलेल्या माणसाला असं रोजच लागतं. चार दिवसांनी पाय सुजला, तेव्हा त्याची बायको सिनाई त्याला दवाखान्यापाशी घेऊन गेली. दवाखाना म्हणजे नुसती बंद खोली. तिथला कंपाउंडर पगार यायचा थांबल्यावर आपल्या बेटावर परत गेला होता, आणि त्याच्या जागी सरकारने कुणाला धाडलं नव्हतं. औषधांचं खोकं शेवटचं कधी आलं, हे आठवणारंही कुणी नव्हतं. सिनाईने पाला वाटून बांधला. पाय काळा पडायला लागला तेव्हा पाद्रीबाबांनी वायरलेसवरून निरोप दिला आणि पुढे बऱ्याच दिवसांनी सरकारी बोट येऊन दोघांना न्यू ब्रिटन या मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावरच्या शहरात घेऊन गेली.

त्या हॉस्पिटलात पेशंटबरोबर घरचं माणूस लागायचंच. सगळ्या वॉर्डाला मिळून एकच नर्स, सिस्टर इयापार. पाणी भरणं, अंग पुसणं, मागच्या पडवीत चूल पेटवून भात शिजवणं हे सगळं सोबतच्या माणसाने करायचं. सिनाई नवऱ्याच्या खाटेखाली चटई टाकून झोपायची. तिची भाषा तिथे कुणाला येत नव्हती आणि बाजारात सगळे बोलतात ती पिजिन नावाची मिश्र बोली तिला तोडकीमोडकीच येत होती. दिवसभरात ती बोलायची ती फक्त आपावोशी.

डॉक्टरांनी पाय कापला. तोवर विष अंगभर पसरलं होतं. आपावो एका दुपारी गेला. सिनाई नळावर त्याचं फडकं धूत होती. परत आली तेव्हा सिस्टर इयापार त्याच्या तोंडावर चादर ओढत होती.

सिनाई ऑफिसात गेली.

"साहेब, त्याला घरी न्यायचंय."

साहेब वयाने लहान होता. त्याने तिला खुर्ची दिली. "मावशी, बोटीचे पैसे संपलेत. पेशंटला आणायला थोडेफार मिळतात. परत पाठवायला वरून काही येतच नाही."

"मग मी कशी जाऊ?"

"नवीन बजेट येऊ दे. बोट सुटली की तुम्हाला बसवतो."

आपावोला शहरामागच्या टेकडीवर पुरलं. तिथून समुद्र दिसत नव्हता. गाडीचा ड्रायव्हर, एक पाद्री आणि ड्यूटी संपवून आलेली सिस्टर, एवढेच लोक. नुकुटेलेत माणूस गेलं की सगळ्या बायका मिळून रडतात, एकटीने रडायची तिथे रीतच नाही. सिनाई रडली नाही.

तिला जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती वॉर्डातच राहिली. ज्यांच्याबरोबर कुणी आलं नव्हतं त्यांना ती पाणी देऊ लागली, त्यांची भांडी घासू लागली. सिस्टर तिला आपल्या डब्यातला भात नि डबाबंद मासळी द्यायची. कोपऱ्यातल्या खाटेवर तोपिरित नावाचा क्षयाचा म्हातारा होता, त्याच्याजवळ रेडिओ असायचा. एके सकाळी बातमी लागली की सरकारने आरोग्यासाठी कधी नव्हे एवढा पैसा मंजूर केलाय.

"सिस्टर, ऐकलंत का?" म्हातारा म्हणाला. "पैसा रेडिओपर्यंत आलाय. आता इंजेक्शनही रेडिओतूनच द्या."

"तुम्हाला तर मी रेडिओशिवायच देणार आहे. वळा," सिस्टर म्हणाली.

वॉर्ड हसला. सगळे का हसले ते सिनाईला कळलं नाही, आणि समजावून सांगणारा आपावो टेकडीवर होता. ती भांडी घेऊन नळावर गेली.

असेच महिने गेले. मग एक दिवस साहेब स्वतः वॉर्डात आला. बाहेरच्या बेटांवर छपराचे पत्रे घेऊन एक बोट निघणार होती.

"दवाखाने दुरुस्त करायचे आहेत. तुमच्याही बेटावर जाईल."

"त्यात कुणी नर्स येतेय का?" सिनाईने विचारलं.

"सध्या पत्रेच."

निघताना सिस्टर धक्क्यापर्यंत आली. "मावशी, टेकडीवर मी अधूनमधून जाईन," ती म्हणाली. सिनाईने तिचे दोन्ही हात धरले, पण त्याजोगे शब्द पिजिनमध्ये तिला सापडले नाहीत.

बोट नुकुटेलेला लागली तेव्हा किनाऱ्यावर गर्दी होती, नाच चालला होता. कुणाचं तरी लग्न होतं. आपावो गेल्याची बातमी वायरलेसवर कधीच पोचली होती. त्याच्यासाठी बायका रडल्या होत्या, पुरुषांनी केस उतरवले होते, जेवण झालं होतं आणि पाद्रीबाबांनी सुतक संपलं असं सांगितलंही होतं. लोकांनी सिनाईच्या गळ्यात फुलांचा हार घातला. "आलीस बाई, बरं झालं," असं म्हणत त्यांनी तिला जेवायला बसवलं. पोरी हसत होत्या. त्यांचा काही दोष नव्हता. ती जेवली.

संध्याकाळी आपावोची बहीण तेमोई सिनाईच्या घराच्या ओट्यावर येऊन बसली.

"वहिनी, आम्ही सगळं केलं गं त्याचं. काही कमी ठेवलं नाही."

"मला ठाऊक आहे, वन्सं."

"पण तो कसा गेला, ते कुणालाच माहीत नाही. वायरलेसवर नुसतं गेला म्हणाले."

एवढ्या महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. सिनाई सांगू लागली. पाय कापल्यावर तो त्याच पायाची बोटं खाजतात म्हणायचा. भात त्याला आवडायचा नाही, अळूच्या कंदासाठी हट्ट धरायचा. शेवटच्या दिवशी म्हणाला, जा, फडकं धुऊन आण, वास येतोय. ती नळावर थोडी रेंगाळली, कारण पाणी गार होतं. हे सांगताना तिचा आवाज फुटला आणि ती रडायला लागली. तेमोई पुन्हा रडली नाही, तिचं रडून झालं होतं. पण ती उठूनही गेली नाही.

"आज माझ्याकडे झोपायला चल," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"नको. इथेच झोपते."

तेमोई गेल्यावर सिनाईने घर झाडलं, चटई घातली, आणि सवयीने आपावोची जागा सोडून एका कडेला सरून झोपली. बोटीतून उतरवलेले पत्रे पुढे कितीतरी दिवस बंद दवाखान्याला टेकून उभे होते.