ज्याचा कचरा त्याच्या दारात

ओढ्यात कचरा टाकायला सुरुवात कुणी केली, हे आमच्या कॉलनीत कुणालाच आठवत नाही. मला आठवतं. कोपऱ्यावरच्या बंगल्यात मुंज झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गड्यानं उष्ट्या पत्रावळ्यांची पाटी आमच्या घराशेजारून ओढ्यात रिकामी केली. अण्णा दारात दात घासत उभे होते. ते म्हणाले, "अरं, हितं कशाला?" गडी म्हणाला, "एकच दिवस हाय, अण्णा." अण्णांनी चूळ भरली आणि आत आले. एकच दिवस म्हणून त्यांनी सोडून दिलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या चाऱ्यांवर सायकलीनं फिरायचं, कुणाची पाळी कधी ते बघायचं, दुसऱ्याच्या पाळीत कुणी पाण्याचं दारं फोडलं तर त्याच्याशी भांडायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आमच्या घराण्यात त्यांच्या आधी सगळ्यांनी मेंढरं राखली. एका जागी घर बांधून राहणारे अण्णा पहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारामतीत, गावाच्या कडेला नव्यानं पडलेल्या प्लॉटांत, अगदी शेवटचा, ओढ्याला लागून असलेला तुकडा घेतला. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं आईची एक शेळी. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. ओढ्यात पावसाळाभर पाणी असायचं, पुढं डबकी राहायची, आणि काठानं करंजाची झाडं होती. अण्णा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "आमच्यापुढं कुणाचं घर हुणार न्हाय. मोकळं हाय समदं."

मोकळं होतं म्हणूनच सगळ्यांना ते सापडलं. पत्रावळ्यांनंतर कुणीतरी घर पाडल्याचा राडारोडा आणून ओतला. मग कोंबडीच्या दुकानातली पिसं आली. त्याच सुमारास बाजारात जो तो पातळ पिशवीतून भाजी द्यायला लागला होता. घरोघरच्या बायका त्या पिशवीत ओला कचरा बांधायच्या आणि फिरायला निघालेले त्यांचे नवरे जाताजाता ती ओढ्यात भिरकावायचे. बुटांना माती लागू नये म्हणून लांबूनच. काही पिशव्या करंजाच्या फांद्यांना अडकून तिथंच फुटायच्या. उन्हाळ्यात आम्हाला जेवताना दार लावून घ्यावं लागायला लागलं. डुकरं आली, त्यांच्यामागं कुत्री आली.

अण्णा एकेकाला थांबवून बोलायचे. आवाज चढवायचे नाहीत. एकदा बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "ही जागा तुमच्या मालकीची आहे का?"

"माझी न्हाय," अण्णा म्हणाले. "तुमची बी न्हाय."

"मग तुम्हाला काय त्रास आहे?"

अण्णा नगरपालिकेत गेले. पुन्हा गेले. शेवटी तिथून एक पाटी आली, 'येथे कचरा टाकू नये'. पाटी रोवली त्याच आठवड्यात लोकांना कळलं, की कचरा टाकायची जागा ती हीच. आतापर्यंत जे लाजत टाकायचे ते पाटीच्या बुडाशी नीट आणून ठेवायला लागले.

तेव्हा अण्णांनी ते सुरू केलं, ज्यामुळं आमचं नाव कॉलनीभर झालं. सकाळी टाकलेली पिशवी कुणाची ते पडवीत बसून दिसायचंच. अण्णा ती उचलायचे, फुटली असेल तर घमेल्यात भरायचे, आणि ज्याची त्याच्या दारात नेऊन ठेवायचे. कडी वाजवायचे आणि अगदी सरळ आवाजात म्हणायचे, "तुमचं हे ओढ्याकडं ऱ्हायलं हुतं."

पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर बायका आईशी बोलेनाशा झाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घराला बोलावणं आलं नाही. आई नवी साडी नेसून पडवीत बसली होती, कुणीतरी पोरगी निरोप घेऊन येईल म्हणून. दिवेलागणीला उठली, साडी बदलली आणि भाकरी थापायला बसली. अण्णांना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सगळी कॉलनी तुटली तरी एक घर आमच्याशी धरून होतं, ते डॉक्टरांचं. आमच्याच समाजातले, शिकून वर आलेले. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं हॉस्पिटल होतं. आईच्या दम्यावर त्यांचंच औषध चालायचं. रस्त्यात दिसले की गाडी थांबवून अण्णांच्या पाया पडायचे. इंदापूरच्या त्यांच्या नात्यातलं एक स्थळ माझ्यासाठी त्यांनीच आणलं होतं. मुलगा हायस्कुलात शिक्षक. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, त्यानं मला आवडती पुस्तकं विचारली होती आणि मी सांगितल्यावर तो खरंच ऐकत होता. पसंतीही आली होती. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती.

त्या दिवसांतच आईची शेळी सुटून ओढ्यात उतरली. आई तिच्यामागं गेली आणि चपलेच्या तळव्यातून तिच्या पायात सुई घुसली. इंजेक्शनची, गंजलेली. अण्णा तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडंच घेऊन गेले. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि म्हणाले, "काकू, सांभाळून. लोक कुठं काय टाकतील, नेम नाही." मीही बरोबर गेले होते, तिथंच उभी होते. हे वाक्य त्यांनी हात धुताधुता, पाठमोरं राहून म्हटलं.

अण्णा त्यानंतर ओढ्याकडं नीट बघायला लागले. उष्ट्या-खरकट्याच्या पिशव्यांत आता वेगळी गाठोडी दिसत होती. रक्ताळलेला कापूस, सलाईनच्या नळ्या, फुटक्या बाटल्या. एका सकाळी हॉस्पिटलात झाडलोट करणारा माणूस सायकलीला गोणी लावून आला. अण्णांनी त्याला गाठलं.

"कुणी सांगितलं हितं टाकाय?"

तो घाबरला नाही. घाबरण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. "डॉक्टरसायबांनीच. म्हणाले, समदे तितंच टाकत्यात, तू बी टाक."

अण्णांनी त्याच्याकडून गोणी काढून घेतली आणि पडवीत आणली. मग त्यांनी ती गोणी आपल्या सायकलीला बांधली. आई लंगडत दारापर्यंत आली. "आवं, दुसरं कुणाचं बी नेऊन ठेवा," ती म्हणाली. "हे नका नेऊ. पोरीचं हाय त्यांच्या हातात."

"तुज्या पायात गेली ती सुई त्येंची हुती," अण्णा म्हणाले.

"असू दे. माझा पाय हाय."

अण्णा गेले. हॉस्पिटलात काय झालं ते आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं, कारण ती वेळ पेशंटांची होती आणि बाकडी भरलेली होती. अण्णांनी गोणी डॉक्टरांच्या दारात ठेवली आणि नेहमीचंच वाक्य म्हणाले. डॉक्टर बाहेर आले. "अण्णा, आत या, बसून बोलू."

"बसायचं न्हाय. तुमचं तेवढं परत द्याया आलो."

डॉक्टर हसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा माणूस हे नगरपालिकेच्या ट्रॉलीत टाकतो. पुढं ते कुठं जातं, मला कसं कळणार?"

"तुमच्या मानसानं मला सांगितलंय."

तेव्हा त्या झाडणाऱ्याला बोलावलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, मी आज गेलोच नव्हतो ओढ्याकडं. एवढंच. अण्णा सायकल हातात धरून चालत घरी आले. चढले असते तर पडले असते, असं ते नंतर कधीतरी म्हणाले.

इंदापूरहून निरोप यायला वेळ लागला नाही. मुलगी चांगली आहे, पण घरचं वातावरण जमेलसं वाटत नाही. आई भिंतीकडं तोंड करून रडली. अण्णा म्हणाले, "मी सोता जाऊन बोलतो. गैरसमज असंल," आणि धुतलेलं धोतर, टोपी घालून एसटीनं इंदापूरला गेले. संध्याकाळी परत आले. पाणी प्यायले, टोपी खुंटीला लावली. आईनं फार छेडल्यावर म्हणाले, "चहा दिला त्यांनी. चांगलं बोलले. मुलाचा बाप म्हणला, तुमच्या पोरीशी सोयरीक केली, तर उद्या आमचा बी कचरा दारात आणून ठिवाल."

"मग तुमी काय म्हणाला?"

"ओढ्यात टाकला तर ठेवीन म्हणलं."

मी स्वयंपाकघरात होते. हातातली उलथनी मी चुलीवर इतक्या जोरानं आपटली की तिचा दांडा वाकला. काय बिघडलं असतं 'नाही' म्हटलं असतं तर? माणूस एवढ्या लांब एसटीनं जातो ते काय हे सांगायला?

पुढं वर्षभरात ओढा साफ झाला, पण अण्णांमुळं नाही. निवडणूक जवळ आली होती. पलीकडच्या रिकाम्या जागेत दुकानांचे गाळे काढायचं ठरलं आणि गाळ्यांसमोर उकिरडा असून चालणार नव्हतं. एका आठवड्यात जेसीबी आला, ट्रॅक्टर आले, सगळं उपसून नेलं, ओढ्याकाठी बाकडी टाकली, करंजं तोडून शोभेची झाडं लावली. उद्घाटनाला मांडव घातला. नगरसेवकांनी फीत कापली आणि प्रमुख पाहुणे म्हणून डॉक्टर बोलायला उभे राहिले. स्वच्छता आणि आरोग्य यांचा संबंध त्यांनी फार सुंदर समजावून सांगितला. चांगलं बोलायचे ते. ज्यांच्या दारात अण्णांनी पिशव्या ठेवल्या होत्या, ते सगळे पुढच्या खुर्च्यांवर टाळ्या वाजवत होते. अण्णा मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही, आणि कुणी जा म्हणालं नाही. घरी येऊन ते आईला म्हणाले, "काय का असंना, साफ झालं न्हवं?" मला वाटतं, त्या दिवशी ते खरंच खूश होते.

ती खुशीही टिकायची नव्हती. कन्हेरीच्या बाजूला, गावाबाहेर दगडाची जुनी खाण होती. तिच्या वरच्या माळावर अण्णांचे थोरले भाऊ, माझे चुलते, पालं टाकून राहायचे. मेंढरं त्यांच्याकडं अजून होती. एका दुपारी ते आमच्याकडं आले. पडवीत टेकले, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"ओढा झाडून काढला म्हणं तुमचा," ते म्हणाले.

"व्हय, तात्या. समदा चकाचक केला."

"तुमच्या दारचं माझ्या दारात आलंय. रोज ट्रॉल्या येत्यात खाणीवर. मेंढरं त्या पिशव्या खात्यात. पोटं फुगून मरत्यात. कोकरं तर आदी जात्यात."

 तात्या रागावले नव्हते. नगरपालिकेत आपल्या भावाचं चालतं, असा त्यांचा समज होता, म्हणून आले होते. अण्णा लगेच उठले आणि त्यांना घेऊन नगरपालिकेत गेले. आरोग्य विभागात जो कारकून अण्णांच्या खेपांना कंटाळलेला होता, तोच बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता तुमच्या दारात काही टाकतात का?"

"माझ्या दारात न्हाय. ह्येंच्या."

"ह्यांचं घर आहे का तिथं? जागा आहे नावावर?"

तात्यांनी अण्णांकडं बघितलं. नावावर काय असणार? माळ होता, पिढ्यानपिढ्या बसत आले म्हणून बसत होते.

"मग तक्रार कुणाची लिहून घेऊ?" कारकून म्हणाला. "तुमचं काम झालं ना, आबा? घरी आराम करा आता."

ट्रॉल्या नगरपालिकेच्याच होत्या, ते उघड होतं. एका माणसाची एक गोणी अण्णा सायकलीला बांधून परत नेऊ शकत होते. अख्ख्या गावाची कशी नेणार? तरी त्यांनी खाणीवर जाऊन एकदा ट्रॅक्टर अडवला. ड्रायव्हर पोरगेलासा होता. त्यानं इंजिन बंद केलं, तंबाखू मळली, अण्णांचं बोलणं संपेपर्यंत थांबला आणि मग ट्रॉली उलटी केली. त्यानंतर कचऱ्यावरून अण्णा कुणाला काही सांगायला गेले नाहीत.

तात्यांनी उरलेली मेंढरं विकली आणि सोमेश्वरनगरला कारखान्याच्या कामावर गेले. जाताना आम्हाला भेटले नाहीत.

माझं लग्न पुढं पळसदेवला झालं, शेतकऱ्याच्या घरात. घर चांगलं होतं, अजून आहे. पत्रिका वाटताना आईनं हट्ट धरला, की डॉक्टरांना बोलवायचंच. दम्याचं औषध त्यांच्याशिवाय कोण देणार? अण्णा स्वतः पत्रिका देऊन आले. लग्नाला डॉक्टर सहकुटुंब आले, अक्षता टाकल्या, पहिल्या पंगतीला बसले. अण्णा हात जोडून पंगतीतून फिरत होते. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला आणि आजूबाजूच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अण्णा, मागचं काही मनात नाही ना?"

"न्हाय, न्हाय," अण्णा म्हणाले. "तुमचे लई उपकार हाईत. जिलबी घ्या."

मी नवरी म्हणून कोपऱ्यात पाटावर बसले होते. इंदापूरचं स्थळ मोडल्याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही. डॉक्टरांचाही राग आला नाही, ते तसेच होते. अण्णांनी वाकून त्यांच्या पानात जिलबी वाढली, ती मात्र मला अजून बघवत नाही.