जांघेतली गाठ आणि छापील मरण

परवा कडुनिंबाची धुरी करताना मी आपल्याच धोतराचा सोगा जाळून घेतला, आणि त्या वासासरशी प्लेगाचं पहिलं वर्ष आठवलं. उंदीर पडू लागले तसं निम्मं कडाव गाव शेतात झोपड्या घालून राहायला गेलं होतं. अशात एका सकाळी माझ्या जांघेत गाठ हाताला लागली. घरी येणाऱ्या मासिकात, केशतेलाच्या जाहिरातीशेजारी, छापलं होतं, 'गाठ आली की माणूस गेला.' शाळामास्तर असूनही छापलेलं सगळं खरं मानणारा मी! बायकोला दाराआडूनच गाठीचं सांगितलं, मुलांना घेऊन शेतावर जा म्हटलं, कडी लावली आणि मरणाची वाट बघत बसलो. ती मात्र कर्जतच्या डॉक्टरांना घेऊन आली. मी खिडकीतून मासिक पुढे केलं. "मास्तर, हे लिहिलंय कोणी? कुठला रोगी तपासून?" लेखकाचं नावच नव्हतं. डॉक्टरांनी पिशवीतून वैद्यकीची एक रूक्ष, बिनचित्रांची पत्रिका काढली. तीत तपासणाऱ्याचं नाव, प्रत्येक रोग्याची हकिगत, अगदी तपासणाऱ्याच्या स्वतःच्या शंकासुद्धा होत्या. "यात लिहिलंय, आधी ताप बघा, मग पायाला जखम आहे का बघा. काढा पाय बाहेर." ताप नव्हता, तळव्यात काटा मोडून पिकला होता, त्याचीच गाठ जांघेत आली होती. काटा निघाला तेव्हा कुठे मी दाराची कडी काढली. बायको शेजारी टेकत म्हणाली, "पोरं रडत व्हती. मी सांगितलं, बा आत वाचत बसलाय. खोटं नाय ना बोलले?"