आप ही तय कीजिए

मत्सर वाईट असतो हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्याने पोटात इतकं दुखतं हे मात्र जयपूरला कळलं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला आमच्या ह्यांची बदली तिथे झाली. आम्ही विद्याधर नगरात राहायचो. मुलगी शाळेत, हे ऑफिसात आणि मी गच्चीवर पापडांची राखण करत बसलेली. शेवटी कंटाळून चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका रजयांच्या कारखान्यात चेकिंगची नोकरी धरली. टाका सुटलाय का, छापा सरकलाय का हे बघायचं आणि बिघडलेली रजई परत पाठवायची.

पहिल्याच दिवशी सेठजींनी विचारलं, "मैडम, क्या लेंगी?"

कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारी मी! पण माहेरची सगळी शालीनता गोळा करून म्हणाले, "आप ही तय कीजिए." चांगल्या घरातल्या बाईने पगाराचा आकडा स्वतःच्या तोंडाने कसा सांगायचा? सेठजींनी आनंदाने ठरवला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

धाकटी बहीण पुण्यात एका रेडिमेड कपड्यांच्या कंपनीत अगदी हेच काम करायची. रविवारी तिचा फोन आला की कळायचं, तिला माझ्या दुप्पट मिळतात. "ताई, तुला एवढेच?" असं ती हळहळून विचारायची आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "इथे स्वस्ताई आहे गं," मी ठोकून द्यायचे. तिने वॉशिंग मशीन घेतल्याचं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "त्यात कपडे लवकर विटतात हं."

पण बहीण लांब होती. टेबलापलीकडे येऊन बसला तो अलवरचा एक गृहस्थ. काम माझंच, आणि शिकवलंही मीच. रजई उजेडाकडे कशी धरायची, इथपासून. पगार ठरवताना मात्र त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. त्याने आकडा सांगितला, सेठजींनी निम्मा केला, तो "राम राम" म्हणून दारापर्यंत गेला, परत बोलावला गेला, चहा प्यायला. माझ्यापेक्षा बराच जास्त ठरवून मगच उठला. मी हातात रजई धरून ते सगळं बघत होते.

त्यानंतर त्याचं काहीच मला सहन होईना. त्याचं शीळ घालणं, त्याच्या डब्यातली तुपाने माखलेली बाटी, सगळंच. घरी बोलले तर हे म्हणाले, "अगं, तुला कशाला कमी आहे?" कमी मला घरात नव्हतंच. तिथे त्या टेबलावर होतं, आणि ते ह्यांना काही केल्या समजेना.

शेवटी एक दिवस मी सेठजींसमोर जाऊन उभी राहिले. "मुझे भी उतना ही चाहिए, जितना उनको."

"मैडम, उसको घर चलाना है. आपके तो साहब कमाते हैं."

"साहब आपके यहाँ काम नहीं करते, सेठजी. मैं करती हूँ."

मी तिथून हलले नाही. सेठजी सुपारी चघळत म्हणाले, "ठीक है." त्या दिवशी बसची वाट न बघता मी ऐटीत रिक्षाने घरी गेले. रात्री स्वतःहून बहिणीला फोन लावला. तिच्याइतके अजूनही नव्हते, पण त्या शीळवाल्याइतके तरी झाले होते.

तीजेच्या सणाच्या आदल्या दिवशी तो घेवरचा डबा घेऊन माझ्याकडे आला.

"मुँह मीठा कीजिए मैडम, मेरी तनख्वाह बढ़ गई. आप ही की मेहरबानी है."

"माझी? मतलब, मेरी कैसे?"

"आपकी बढ़ी ना, तो सेठजी बोले, लेडीज और जेंट्स का बराबर अच्छा नहीं लगता."

तो अगदी मनापासून हसत होता. मी घेवरचा तुकडा तोंडात टाकला. इतका चांगला घेवर मी जयपुरात आधी कधी खाल्ला नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.