झाकलेला राजपुत्र

मंडालेच्या राजवाड्यात ऊ क्याव न्युं हा पहिल्या मानाचा चित्रकार. राजघराण्यानं नांगर धरायचा सोहळा असो की हत्तींची मिरवणूक, घडीच्या लांबलचक पोथीत ती चितारायची त्यानेच. या कुंभाराच्या पोराला दरबारात आणलं राजपुत्र थाडोनं. "इथं बस, माझ्याजवळ," म्हणत तो मुरवलेल्या चहापाल्याची तबकडी त्याच्यापुढे सरकवायचा.

म्हातारा राजा गेला. नव्या राजानं गादीवर बसताच थाडोला आणि त्याच्या भावांना मारून टाकलं. मग मंत्र्यानं क्याव न्युंला बोलावलं.

"सया," मंत्री गुरुजींना म्हणावं तसं म्हणाला, "मेलेले लोक अजून तुमच्या चित्रात नांगर धरून उभे आहेत."

"खरवडलं तर पान फाटेल, सरकार."

"मग झाडं लावा."

त्यानं लावली. एकेका राजपुत्रावर हिरवीगार चिंच. थाडोवर सगळ्यांत दाट.

घरी मा श्वे ईनं नवऱ्यापुढे भाताचं ताट आदळलं. "ज्याचं मीठ खाल्लंत, त्याच्याच तोंडावर रंग फासलात?"

"मग काय मान देऊ कापून?"

"मान होती कुठे तुम्हाला!"

पुढे इंग्रज आले, राजाला बोटीत घालून घेऊन गेले. ओस महालात एका गोऱ्या कप्तानाला ती पोथी सापडली. "झाडं काय जिवंत काढलीस रे!" असं चित्रकाराला बोलावून म्हणत त्यानं ती पेटीत भरली. मग स्वतःच्या प्रवासाच्या पुस्तकासाठी क्याव न्युंकडून बैलगाड्या आणि चिरूट ओढणाऱ्या बाया काढून घेतल्या. पुस्तकावर नाव आलं एकट्या कप्तानाचं. क्याव न्युं बाजारात शिपायांना चित्रं विकू लागला.

एक दिवस थाडोची विधवा खिन सान आली. इतकी वर्षं ती कैदेत होती. "मुलीनं बाप बघितलाच नाही, सया. एवढा चेहरा काढून द्या."

क्याव न्युंनं जीव ओतून चित्र काढलं. ती बघतच राहिली.

"हा कोण?"

"आपले थाडो."

"हा कुठलाही राजपुत्र आहे. घोड्यावरून पडून त्यांचं नाक वाकडं झालं होतं. तुम्ही तर रोज शेजारी बसायचात!"

दरबारी चित्रात साऱ्या राजपुत्रांना एकच चेहरा द्यायची रीत होती. हात तीच वळणं गिरवत राहिला, डोळ्यांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलंच नाही. वाकडं नाक आठवायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. आठवलं नाही.

खिन सान चित्र चटईवरच टाकून गेली. पुढे एका शिपायानं ते उचललं. "हा कोण राजा?"

"कुणी नाही," क्याव न्युं म्हणाला आणि गुंडाळी करून त्याच्या हातात दिली.