मावशींची साडी आणि बुवांची पेटी

कपाटात जुनी पातेली साठतात तसे आमच्या शिरवण्याच्या महिला भजनी मंडळात किस्से साठतात. टाकवतही नाहीत आणि ठेवायला जागाही नाही! यंदाचे सगळे पेटीवरून झाले. त्यातल्या प्रत्येकात माझं पोट दुखतंय, हे आधीच सांगून टाकते.

*

प्रमिलाकडे सत्यनारायण होता. आम्हाला भजन शिकवणारे बुवा दोन अभंगांच्या मध्ये पेटीवर एकटेच असे काही सुटले, की आम्ही टाळ वाजवायचं विसरलो! नंतर म्हटलं, "बुवा, परत वाजवा ना."

"काय वाजवलं ते कोनाला ठाव? सुचलं, वाजवलं, गेलं."

"प्रमिलाच्या मोबाइलमध्ये आहे."

"मोबाइलात कशाला ऐकू? मी इथं जिता बसलोय ना!"

जाता जाता त्यांनी बॉम्ब टाकला. "सप्त्याला पेटीवर एकच बाई बसंल. प्रमिला, नायतर रंजना. दोघींनी आपापलं काय ते तयार करा."

रंजना म्हणजे मी. काय तयार करायचं, ते दोघींनी त्याच क्षणी ठरवलं. बुवांचं तेच!

*

प्रमिलाकडे व्हिडिओ मागितला.

"ताई, लय मोठा हाय. जातच नाय!"

तिच्या भाच्याच्या हळदीचा अख्खा व्हिडिओ मला आला होता, तो बरा गेला!

पण तिच्या सासूबाई, आमच्या मावशी, त्यात नव्या साडीत दिसत होत्या. त्यांनी व्हिडिओचे तुकडे करून स्टेटसला लावले होते. मी गोड बोलून सगळे तुकडे मागून घेतले.

"साडी नीट दिसते ना गो?"

"मावशी, मी साडीच तर बघते!"

*

बुवांची बोटं इतकी पळत होती की एकेक सूर लिहून घ्यायला मी व्हिडिओ अर्ध्या स्पीडवर लावायचे. मध्येच बुवांचं "वाऽऽऽऽ" यायचं, खोल विहिरीतून आल्यासारखं.

आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या!"

*

हाताला दुसरा चाळाच नव्हता. ओट्यावर, कुकरच्या झाकणावर, जिथे तिथे बोटं चालायची. मासळी बाजारात पापलेट निवडतानाही.

कोळीणबाई म्हणाली, "बाय, घेवाचा नसंल त पापलेटाला गुदगुल्या करू नको!"

मी लाजले. तेवढ्यात ती शेजारणीला म्हणाली, "मगाशी प्रमिला आलती, ती पन हेच करत व्हती. पन तिचा हात जल्द चालं!"

त्या दिवशी मी पापलेट घेतलंच नाही.

*

ऐकवायचा दिवस आला. सगळं मंडळ देवळात बसलं, मावशी मागच्या रांगेत. आधी प्रमिला. तिने हळूच, एकेक सूर लावत सुरुवात केली. तिची सुरुवात हा माझा शेवट होता! मावशींनी साडी छान दिसणारे तुकडे आधी पाठवले होते, उरलेले मागून. मी त्याच क्रमाने सगळं पाठ केलं होतं.

प्रमिलाने एकही सूर चुकवला नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

बुवा म्हणाले, "बरं हाय. पन कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय."

मग मी बसले. बोटांना दुसरं काही येतच नव्हतं. जोरात सुरुवात, मध्येच संथ, पुन्हा पळापळ, आणि शेवटी एकेक सूर लावत विझणं. डोळे मिटूनच वाजवलं.

उघडले तर बुवांचा चेहरा पडलेला.

"कोनाकडं शिकलीस?"

मी पेटीचा भाता बंद केला.

"मला सोडून दुसरा मास्तर धरलास ना? सप्त्याला तूच बस पेटीवर. पन सांग, कोन हाय तो?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगला हाय का?"

मी आणि प्रमिला, दोघींनी एकदम मागे वळून पाहिलं. मावशी पदर सारखा करत होत्या.