कोतवाल नही उना

मला संशयी म्हणतात. म्हणू देत. घरात तरणी पोर असली की डोळे उघडे ठेवावेच लागतात.

पोर शहाद्याला कॉलेजात, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. रोज संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन बसायला लागली. अभ्यास म्हणे! एकदा मी वाळत घातलेली मिरची गोळा करायला वर गेले, तर फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "आज कोतवाल नही उना. मन्हं मनच लागत नही."

कोतवाल आला नाही म्हणून हिचं मन लागत नाही? गावात कोतवाल एकच, तलाठ्याच्या हाताखालचा. आधीचा म्हातारा दवंडी देत फिरायचा, बिचारा. हा नवा. लाल मोटारसायकल, आणि ऊन कलल्यावरही डोळ्यांवर गॉगल. आता सांगा, संध्याकाळी गॉगल कशाला? त्याच दिवशी गाडी आमच्या गल्लीतून दोनदा गेली.

नवऱ्याला सांगितलं नाही. त्याच्या कानावर गेलं असतं तर कॉलेज बंद. मला नववीतून काढलं ते असंच. एसटी स्टँडवर मी एका पोराला गाडी कुठली लागली ते विचारलं, ते एका काकूनं पाहिलं आणि घरी येऊन बोंब मारली. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

म्हणून थेट चावडीवर गेले आणि कोतवालाला चांगला फैलावर घेतला. "आमच्या गच्चीकडं पुन्हा बघितलंस तर याद राख!"

"मी काय करं, मावशी?" म्हणाला. गॉगल काढला, तर चेहरा घाबरलेला. नाटकी मेला!

मी घरी पोचायच्या आत बातमी पोरीपर्यंत पोचली होती. तिनं मला हाताला धरून वर नेलं आणि तारेवर बोट दाखवलं. काळा कुळकुळीत पक्षी, शेपटीला दोन फाटे. "हाऊ शे मन्हा कोतवाल. प्रोजेक्ट शे मन्हा!"

घ्या! हा तर म्हशीच्या पाठीवर बसणारा. माझं माहेर नवापूरच्या पलीकडं, गुजरातच्या अंगाला. तिथं याला काळो कोशी म्हणतात. कोतवाल कोणी म्हणत नाही. पोर सांगायला लागली: हा कावळ्याला, शिकऱ्याला हाकलून लावतो, म्हणून लहान पाखरं याच्या शेजारी घरटी करतात, म्हणून कोतवाल. पण लबाडही आहे. शिकरा आल्यासारखा खोटाच ओरडतो, साळुंक्या तोंडातला किडा टाकून पळतात, आणि किडा हा खातो.

म्हणजे खोटी बोंब मारणारा!

तेवढ्यात नवरा चावडीवरून आला. "आते पोरनं कॉलेज बंद," एवढंच बोलला. मी त्याला ओढत गच्चीवर नेलं. तार रिकामी.

"तू चावडीवर बोंब मारी उनी, अन् आते पक्षी सांगस?"

मग मात्र माझा तोल गेला. माझी शाळा असल्याच बोंबेनं गेली, हिचं कॉलेज माझ्या बोंबेनं जाऊ देणार नाही, असं रडत, ओरडत सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या शाळेचं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तो खाली मान घालून जिना उतरला.

सकाळी मीच तिला स्टँडवर घेऊन गेले. समोरून लाल मोटारसायकल आली, मला बघून गर्रकन बोळात वळली. का वळली? लक्ष ठेवायला हवं.

एसटीच्या खिडकीत पोर फोनवर हसत होती. "आज कोतवाल माले सोडाले उना शे."

कोणता, ते या वेळी मला विचारावं लागलं नाही.